अंगणातली शाळा

मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेने डहाणू मागे टाकले की घोलवड स्थानक येते. तेथून जवळच समुद्राच्या काठी बोर्डी नावाचे गाव आहे. एका बाजूला सुरूची बने आणि पलीकडे लांबवर पसरलेली वाळू, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. त्या वाड्यांच्या मागे डोंगर सुरू होतात व डोंगरांच्या कुशीत आदिवासींचे पाडे आहेत. हा सारा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. १९४५ साली त्रेपन्न वर्षांच्या एक विदुषी मुंबईतील आपली नावाजलेली बालशाळा सोडून या गावी राहावयास आल्या. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. मुलींना शिकवणे म्हणजे घराण्याला बट्टा लावणे, असे मानणारे लोक त्या काळी घरोघर होते; केळकरांच्या घरी मात्र मुलीच्या हातात पुस्तक देण्यात कोणालाही वावगे वाटले नाही. ताराबाईंनी १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी मिळवली. पदवीधर स्त्रिया तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण तो संसार सुखाचा झाला नाही आणि १९२१ मध्ये दोघे कायमचे विभक्त झाले. पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे आज तुम्हांला सांगूनही पुरते कळणार नाही. ताराबाईंनी त्याबद्दल कोणापाशी गाऱ्हाणे केले नाही. आपल्या लहान मुलीला घेऊन त्या काठेवाडात राजकोटला गेल्या व तेथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या.

जागा मानाची होती. तेथेच त्या राहिल्या असत्या तर त्यांचे आयुष्य सुरळीत गेले असते. परंतु त्याच प्रांतात भावनगर येथे गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ नवलाचा प्रयोग करीत होते. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाला कसे शिकवावे या विचारात असताना इटलीतील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी वकिलीचा झगा कायमचा उतरवून ठेवला. दक्षिणामूर्ती या संस्थेत त्यांनी १९२० साली अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर काढले. त्या बालमंदिरात छडी नव्हती आणि पाठांतराचा घोषही नव्हता. मुले आपल्या आवडीचे साधन उचलीत, त्याच्याशी खेळत, पाणी भरीत, झाडलोट करीत, गाणी गात, गोष्टी ऐकत. लहान मूल डोक्याने शिकते त्याच्या आधी हातापायांनी, डोळ्यांनी व कानांनी शिकते, हे त्या शिक्षणाचे मर्म होते. मुलांना गिजुभाईंचा इतका लळा लागला की लोक त्यांना मिशांची आई म्हणू लागले.

१९२३ मध्ये ताराबाई राजकोटची नोकरी सोडून भावनगरला आल्या. त्या सुमारे नऊ वर्षे तेथे राहिल्या. गुजराती भाषा त्यांनी आपलीशी केली. गिजुभाई कल्पक आणि भावनाशील, तर ताराबाई शिस्तीच्या व काटेकोर विचारांच्या. दोघांची जोडी उत्तम जमली. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मुलांना मारू नका, धाक दाखवू नका, त्यांना काम करू द्या, ही गोष्ट पालकांच्या गळी उतरवण्यासाठी शिक्षणपत्रिका हे मासिक निघत असे. गुजरातीत निघणारे हे मासिक १९३३ पासून ताराबाईंनी मराठीतही काढले. पुढे १९३६ साली त्यांनी मुंबईस दादर येथे शिशुविहार ही संस्था उभारली. सुंदर साधने, स्वच्छ खोल्या, नीटनेटकी बालके आणि बालशिक्षिका तयार करणारा वर्ग, असे त्या संस्थेचे रूप होते. तिचा लौकिक दूरवर पसरला.

येथवर ताराबाईंच्या जीवनात यशामागून यश आले. कोणीही समाधान मानावे असा तो काळ होता. परंतु ताराबाईंच्या मनाला एक शल्य बोचत होते. शिशुविहारात येणारी मुले खाऊनपिऊन सुखी अशा घरांतली होती. मॉन्टेसरी पद्धतीची साधने उत्तम लाकडाची व महाग असत. ज्या देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत वाढतात, ज्यांच्या घरी दोन वेळची भाकरही निश्चित नसते, त्या मुलांचे काय? त्याच सुमारास महात्मा गांधींनी आपल्या नयी तालीमच्या योजनेत शाळेच्या वयाआधीच्या मुलांचाही समावेश केला होता. मुलाचे शिक्षण त्याच्या घरापासून व आईच्या मांडीपासून सुरू व्हावे, हा विचार ताराबाईंना पटला. तो खेड्यात जाऊन करून पाहिल्यावाचून त्यांना चैन पडेना. १९४५ च्या अखेरीस बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ या काळात त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, जिद्दीने शिकलेल्या आणि वयाने ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान होत्या.

आणि येथे, मुलांनो, ताराबाईंची विद्या प्रथमच अडखळली. शाळा उघडली, साधने मांडली, शिक्षिका सज्ज झाल्या; पण जिच्यासाठी त्या मुंबई सोडून आल्या होत्या ती गरिबांची मुले काही येईनात. दलित वस्तीतील मुलांना गावातल्या शाळेत पाऊल टाकण्याची भीती वाटे. आजवर ज्या ओट्यांवरून हाकलले गेले, त्याच ओट्यांवर आज प्रेमाने बसवून घेतील यावर त्यांच्या आईबापांनी तरी कसा विश्वास ठेवावा? शिवाय आईबाप पहाटेच कामाला जात. चार-पाच वर्षांच्या मुलाला न्हाऊमाखू घालून, स्वच्छ कपडे चढवून, ठरलेल्या वेळी शाळेच्या दारात उभे करणे त्यांना शक्यच नव्हते. आपल्याकडे अशा वेळी दोष त्या आईबापांना देण्याची रीत आहे. त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, एवढे म्हटले की शिकलेली माणसे मोकळी होतात.

ताराबाईंनी दोष शाळेला दिला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. साधनांची पेटी उचलून त्या व अनुताई वस्तीत गेल्या आणि एका घरासमोरच्या अंगणात त्यांनी आपली शाळा मांडली.

ती कशी भरत असे ते पाहण्यासारखे आहे. सकाळी शिक्षिका वस्तीत येत. आधी अंगण झाडले जाई व त्यावर पाण्याचा सडा पडे. झाडण्यास मुलेही हात लावीत, आणि हा पहिला पाठ असे. मग मुलांची तोंडे धुणे, केस विंचरणे, नखे कापणे. ज्यांना शिवल्याने विटाळ होतो असे शेजारचे गाव मानीत होते, त्या मुलांना या बायका मांडीवर घेऊन न्हाऊ घालीत. हा दुसरा पाठ होता, आणि तो मुलांपेक्षा गावालाच अधिक जड गेला. त्यानंतर गाणी होत. बसून म्हणायची गाणी नव्हेत, तर उड्या मारीत, टाळ्या वाजवीत, पक्ष्यासारखे हात पसरून गोल धावत म्हणायची. पाय मोकळे झाले, लाज पळाली, की मुले साधनांकडे वळत.

साधनांची गोष्ट तर फारच मौजेची आहे. मुंबईची महागडी साधने येथे परवडणारी नव्हती. पण समुद्र दाराशी होता, रान पाठीशी होते. शंख व शिंपले लहानमोठ्या क्रमाने लावता येत. चिंचोके व सागरगोटे मोजता येत. निरनिराळ्या झाडांची पाने आणून एकासारखे एक पान जुळवता येई. खरखरीत, मऊ, गुळगुळीत असा स्पर्शाचा भेद दगड, कापूस व बिया यांतून कळे. बांबूच्या कांड्या कापल्या की लांबी-आखूडपणाचे साधन तयार. माती तर वाटेल तितकी! मुले ती मळून बैल करीत, चूल करीत, भाकरी करीत. मॉन्टेसरीबाईंनी ज्या तत्त्वासाठी ती सुबक लाकडी साधने घडवली होती, ते तत्त्व वाळूत व मातीत तसेच शाबूत राहते, हे ताराबाईंना प्रत्यक्ष दिसले. ज्या स्त्रीने वीस वर्षे एका विशिष्ट पद्धतीचा प्रचार केला, तिने साधनांचा तो सारा थाट बाजूला ठेवून रानातल्या बिया वेचायला बसावे, हे सोपे नाही. विद्वान माणसाला नवे शिकणे जमते. स्वतःचे जुने मोडणे क्वचितच जमते.

आणखी एक गोष्ट आपोआप घडली. शाळा अंगणात असल्यामुळे आयांना ती दिसू लागली. पाण्याला जाता-येता त्या थबकत. आपले मूल न रडता काम करते आहे, दुसऱ्याला साधन देते आहे, हे त्या पाहत. आजी उंबऱ्यात बसून गाणे ऐके व मागून तीच ओळ गुणगुणे. शिक्षिका गेल्यावरही अंगणात तोच खेळ चाले. मुलाच्या शिक्षणात सारी वस्ती नकळत सामील झाली. अशा शाळेला अंगणवाडी हे नाव मिळाले.

१९५७ साली हे केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली आदिवासींचे पाडे होते. अडचणी आता निराळ्या होत्या. पाड्यांतील घरे दूर दूर विखुरलेली. आठ-दहा वर्षांची मुलगी शाळेत यावी तर तिच्या कडेवर धाकटे भावंड. भावंडाला सोडावे कोठे? मुलगे गुरांमागे रानात. शाळेची वेळ हीच गुरे चारण्याची वेळ.

पहिल्या अडचणीवर विकासवाडी हा तोड निघाला. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच ठिकाणी भरवण्यात आली. मोठी बहीण तान्ह्याला पाळणाघरात ठेवी, मधल्याला बालवाडीत सोडी आणि स्वतः वर्गात जाऊन बसे. मध्येच उठून ती बाळाला पाहून येई, त्यास कोणी हरकत घेत नसे. घरातली तिन्ही भावंडे एकदम शाळेत आली! दुसऱ्या अडचणीसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक पिशवीत सामान घेऊन कुरणात जाई. गुरे चरू लागली की गुराख्यांना झाडाखाली गोळा करून तो अक्षरे शिकवी. जमीन हीच पाटी. खडे मांडून हिशेब होत, सावली मोजून वेळ कळे. एखादी गाय दुसऱ्याच्या शेताकडे वळली तर धडा तसाच टाकून विद्यार्थी धावे व तिला वळवून पुन्हा येऊन बसे. अशी ये-जा घड्याळाच्या शाळेत चालली असती काय? कुरणात ती चालून गेली. ज्यांना दिवसा सवडच नसे त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग भरत.

हे सारे सहजी झाले असे मात्र समजू नये. शाळेने लावलेली गोडी पोटाच्या आगीपुढे पुष्कळदा हरे. गवत कापण्याचा हंगाम आला की सारे कुटुंब कामाला बाहेर पडे आणि पाडा ओस पडे. मग काल गजबजलेले अंगण आज रिकामे. महिन्यांनी मुले परत येत तेव्हा शिकवलेले बरेच विसरलेली असत. शिक्षिका पुन्हा पहिल्यापासून आरंभ करीत. ताराबाई आता सत्तरीकडे झुकल्या होत्या. टेकडीवरचे हिंडणे-फिरणे मुख्यतः अनुताईंवर येऊन पडले होते. परंतु कामाची आखणी, शिक्षिकांना शिकवणे आणि लेखन ताराबाईंनी सोडले नाही. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण ही पदवी देऊन गौरवले.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई निवर्तल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने लहान मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची एक योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्रांचे नाव ठेवण्यात आले अंगणवाडी. आज भारतात अशी तेरा लाखांहून अधिक केंद्रे आहेत, आणि तुमच्यापैकी कित्येकांनी पहिले गाणे तेथेच म्हटले असेल. त्यांतील बहुतेकांना आता भिंती आहेत, छप्पर आहे.

अनुताई कोसबाडलाच राहिल्या. ताराबाईंच्या पश्चात एकोणीस वर्षे, १९९२ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत, त्यांनी ते काम चालवले. सकाळ झाली की टेकडीच्या पायवाटेने मोठ्या बहिणी वर येत; कडेवर बाळ, बोटाला धाकटा भाऊ, आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत वाटेत वेचलेल्या बिया.