'गंगावतरण' : दादासाहेब फाळके यांचा पहिला आणि अखेरचा बोलपट

६ ऑगस्ट १९३७ रोजी मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये कोल्हापूर मुव्हीटोनचा 'गंगावतरण' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते धुंडिराज गोविंद फाळके. वय ६७. ज्या पिढीने त्यांच्या चित्रपटांवर जीव लावला होता, ती पिढी आता आपल्या मुलाबाळांना घेऊन चित्रपटगृहात जात होती. दादासाहेबांचे नाव जाहिरातीत वाचताच तिच्या अपेक्षा काय असतील, हे सांगायला नको. त्या अपेक्षा 'गंगावतरण'ला पेलल्या नाहीत आणि दादासाहेबांनी त्यानंतर एकही चित्रपट केला नाही.

हा अपेक्षाभंग किती मोठा होता हे कळण्यासाठी वीस वर्षे मागे जावे लागते. १९१७ साली आलेल्या 'लंकादहन'ने अक्षरशः वेड लावले होते. अण्णा साळुंके या एकाच नटाने त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या आणि गणपत शिंदे हनुमान झाले. पडद्यावर रामाचे दर्शन होताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवीत. तिकिटांच्या उत्पन्नाची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. आख्यायिका थोडी बाजूला ठेवली तरी वहाणा काढण्याची गोष्ट पटण्यासारखी आहे. १९९९ पासून १०५ फुटी मारुतिरायाच्या पायाशी नांदत असलेल्या नांदुऱ्यातील माणसाला तर ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. समोर दिसते ती मूर्ती की चित्र, दगड की प्रकाश, हा प्रश्न भाविकाला पडतच नाही. फाळके यांनी हे पुरते ओळखले होते.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी झाला. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, गोध्य्राचा छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, लोणावळ्याचा छापखाना अशी त्यांची वाट वळणे घेत गेली. गोध्य्रात प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावले. पुढे भागीदारांशी न पटल्याने छापखानाही सुटला. चाळिशी उलटलेली, हाती व्यवसाय नाही, अशा स्थितीत १९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण अवतरावेत, या ध्यासाने त्यांना पछाडले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा घेऊन परतले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

या उद्योगात सरस्वतीबाईंचा वाटा केवळ सोबतीचा नव्हता. कोऱ्या फिल्मला काळोखात भोके पाडणे, ती धुणे आणि शिवाय साऱ्या चमूचा स्वयंपाक, अशी कामे त्या करीत. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्यांच्या नावाला अजूनही पुरेशी जागा मिळालेली नाही.

१९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसह नाशिकला हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' या चित्रपटांत त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. यशाचा कळस तो हाच. पण भागीदारांना हिशोब हवा होता आणि फाळके यांना मनाजोगते चित्र. खटके उडाले. राजीनामा देऊन ते काशीला गेले, तेथे त्यांनी 'रंगभूमी' नाटक लिहिले, पुढे पुन्हा कंपनीत परतले. मात्र १९१७ चे दिवस परतले नाहीत.

१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' आला आणि मूकपटाचा काळ संपला. फाळके तेव्हा 'सेतुबंधन' या मूकपटात गुंतले होते. तो पुरा होईपर्यंत काळ इतका बदलला की त्यावर मागाहून आवाज चढवावा लागला. याच सुमारास, १९३२ मध्ये, प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आणला. म्हणजे फाळके यांनी ज्या हरिश्चंद्राच्या कथेने चित्रसृष्टीचा पाया घातला, तीच कथा शांताराम बापूंच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावरून बोलू लागली.

अशा वेळी कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचे निमंत्रण आले. वृद्ध दिग्दर्शक पुन्हा कामाला लागला. सुमारे दोन वर्षे आणि अडीच लाख रुपये 'गंगावतरण'वर खर्ची पडले. त्या काळच्या मानाने ही रक्कम लहान नव्हे. विषयही त्यांच्या हातचा होता. स्वर्गातून कोसळणारी गंगा आणि तिला जटेत झेलणारा शिव, असा चमत्कार पडद्यावर दाखवण्यातच तर त्यांचे आयुष्य गेले होते.

मग उणे कुठे पडले? फाळके यांची खरी भाषा चित्राची होती. मूकपटात चमत्कार हाच संवाद असे. बोलपटात गाणे, बोलण्याची लय आणि चेहऱ्यावरील बारीक भाव यांना महत्त्व आले आणि प्रेक्षकाची गोडीही तिकडे वळली. डिसेंबर १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' लागला होता. चमत्कार त्यातही होते, पण लोक विष्णुपंत पागनीस यांच्या तुकारामाला आणि त्याच्या संसारी, कावलेल्या आवलीला पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा जात होते. देव दाखवण्यापेक्षा भक्ताचे घर दाखवणे अधिक परिणामकारक ठरत होते. त्याच १९३७ मध्ये शांतारामांच्या 'कुंकू'ने जरठ-बाला विवाहाचा प्रश्न थेट प्रेक्षकांच्या दिवाणखान्यात आणून ठेवला. त्या शेजारी 'गंगावतरण' एका मागल्या युगातून आल्यासारखा वाटला तर नवल नाही. दोष एकट्या दिग्दर्शकाचा म्हणणे अन्यायाचे होईल. पण प्रेक्षकही खोटा नव्हता. ज्या माणसाने त्याला डोळे विस्फारायला शिकवले, त्याच्याकडून त्याला पुन्हा तेच हवे होते आणि तसेच नकोही होते.

दादासाहेब नाशिकला परतले. १९३९ मध्ये भारतीय चित्रपट व्यवसायाचा रौप्यमहोत्सव मुंबईत साजरा झाला, तेव्हा शांतारामांच्या पुढाकाराने निर्माता-दिग्दर्शकांनी त्यांच्यासाठी निधी गोळा केला आणि त्यातून त्यांना घर लाभले. ज्यांच्या बोलपटांनी त्यांना मागे टाकले, त्यांनीच ही कृतज्ञता दाखवली, याची नोंद सहसा घेतली जात नाही.

चित्रपट काढण्याची इच्छा मात्र गेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धामुळे निर्मितीस सरकारी परवाना लागे. सत्तरी ओलांडलेल्या फाळके यांनी त्यासाठी अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.