तायक्वांदोचे जनक जनरल चोई : दोन कोरियांमध्ये विभागलेले आयुष्य

पांढरा गणवेश, कमरेला रंगीत पट्टा आणि डोक्याच्या उंचीवर जाणारी लाथ ही तायक्वांदोची ओळख आज आपल्याकडील शाळकरी मुलांनाही आहे. मात्र या कलेला नाव देणारे जनरल चोई होंग ही यांना आपल्या आयुष्याची अखेरची तीस वर्षे निर्वासित म्हणून काढावी लागली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

चोई यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९१८ रोजी आजच्या उत्तर कोरियात झाला. तेव्हा कोरिया जपानच्या अमलाखाली होता. शिक्षणासाठी ते जपानला गेले आणि तेथे कराटे शिकले. दुसऱ्या महायुद्धात त्यांना जपानी सैन्यात सक्तीने भरती करण्यात आले. स्वातंत्र्यासाठी कट रचल्याच्या आरोपावरून त्यांना प्याँगयांगच्या तुरुंगात डांबण्यात आले. १९४५ मध्ये जपानचा पराभव झाला आणि त्यांची सुटका झाली.

पुढे दक्षिण कोरियाच्या सैन्यात अधिकारी झालेल्या चोई यांनी जवानांना ही कला शिकविण्यास प्रारंभ केला. तेथील आखाड्यांतून तेव्हा ती निरनिराळ्या नावांनी शिकवली जात असे. जेत्यांच्या कराटेची छाया पुसून टाकणारे स्वतंत्र नाव त्यांना हवे होते. १९५५ मध्ये 'तायक्वांदो' हे नाव निश्चित झाले. 'ताय' म्हणजे पाय, 'क्वान' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग.

या मार्गाला त्यांनी सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि दुर्दम्य वृत्ती या पाच तत्त्वांची बैठक दिली. त्यांच्या परंपरेतील चोवीस हालचाल-मालिका दिवसाच्या चोवीस तासांचे प्रतीक मानल्या जातात. त्यांपैकी बहुतेकींना कोरियाच्या थोर पुरुषांची नावे आहेत. देशभक्त आन जुंग-गन यांच्या नावाच्या मालिकेत ३२ हालचाली आहेत, कारण १९१० मध्ये त्यांना फाशी झाली तेव्हा कोरियन गणनेनुसार त्यांचे वय बत्तीस होते. अशा रीतीने पारतंत्र्यात दडपलेला इतिहास त्यांनी विद्यार्थ्यांच्या हातापायांत उतरविला.

१९६६ मध्ये चोई यांनी आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला. परंतु राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही यांच्या राजवटीशी त्यांचे बिनसले आणि १९७२ मध्ये त्यांनी कॅनडाचा आश्रय घेतला. पुढच्याच वर्षी सोलमध्ये स्वतंत्र जागतिक संघटना उभी राहिली. १९८० मध्ये चोई शिष्यांचे पथक घेऊन उत्तर कोरियात गेले. पुढे त्यांनी एका मालिकेला त्या राजवटीच्या विचारसरणीचे 'जुछे' हे नाव दिले. दक्षिणेत त्यांच्यावर टीकेची झोड उठली, तर त्यांच्या अनेक शिष्यांनी वेगळी वाट धरली. कलेला राजकारणापासून दूर ठेवणे तिच्या जनकालाही जमले नाही.

२००० मध्ये सिडनी ऑलिम्पिकमध्ये तायक्वांदोला पदकाचा खेळ म्हणून मान मिळाला, तो सोलच्या संघटनेच्या नियमांनुसार. १५ जून २००२ रोजी चोई यांचे प्याँगयांगमध्ये निधन झाले. ज्या शहराच्या तुरुंगातून ते तरुणपणी सुटले होते, तेथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. मैदानावर त्यांची पद्धत मागे पडली असली, तरी त्यांनी दिलेले नाव मात्र दोन्ही कोरियांनी राखले आहे.