महात्मा जोतीराव फुले : स्त्रीनिंदा आणि पुरुषांची जबाबदारी

जोतीराव फुले यांच्या चरित्रातील ठळक टप्पे तुम्हांला परिचित आहेतच. प्रस्तुत घटकात आपण त्याच चरित्राकडे एका मर्यादित प्रश्नातून पाहणार आहोत. स्त्रियांची निंदा करणाऱ्या, त्यांच्यावर हात उगारणाऱ्या पुरुषांशी हा पुरुष कसा वागला, हा तो प्रश्न.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. १८४८ मध्ये पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. शिकवायला सावित्रीबाई उभ्या राहिल्या आणि रस्त्यातील पुरुषांची जीभ सुटली. शिव्या, चिखल, शेण. शाळेत पोहोचल्यावर नेसण्यासाठी त्या जास्तीचे लुगडे बरोबर नेत असत. १८४९ साली वडील गोविंदराव यांनी लोकापवादाला भिऊन या दांपत्याला घराबाहेर काढले. शेण फेकणारे हात थोडे होते. पाहून गप्प राहणारे मात्र पुष्कळ होते, हे ही हकीकत वाचताना ध्यानात असू द्या.

१८५६ च्या सुमारास जोतीरावांच्या जिवावर मारेकरी घालण्यात आले. रोडे आणि धोंडीराम नामदेव कुंभार अशी त्यांची नावे चरित्रकारांनी दिली आहेत. जोतीरावांनी त्यांना पोलिसांच्या हवाली केले नाही, त्यांच्याशी बोलणे केले. पुढे रोडे त्यांचे अंगरक्षक झाले. धोंडीराम रात्रशाळेत शिकून सत्यशोधक समाजाचे विद्वान कार्यकर्ते बनले. हिंसेला निघालेल्या माणसालाही शिकवता येते, यावर या शिक्षकाचा विश्वास होता.

घरातली कसोटी अधिक नाजूक होती. अपत्य नाही म्हणून दुसरे लग्न करावे, असा आप्तांचा आग्रह होता. दोष पुरुषात असेल तर पत्नीने दुसरा पती आणलेला चालेल काय, असा जोतीरावांचा उलटा सवाल असे. १८६३ मध्ये त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल हवे तर ठेवून जावे, अशी व्यवस्था होती. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले.

आता या घटकाच्या गाभ्याकडे येऊ. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात बालकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती नंतर सौम्य करण्यात आली. तिला त्या अवस्थेत टाकणाऱ्या पुरुषाची चर्चा कोणी केली नाही. ‘पुणेवैभव’ पत्राने उलट सर्वच स्त्रियांच्या वर्तनावर शिंतोडे उडवले. त्या मजकुराने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिले. १८८२ साली पुण्यात त्याच्या पाचशे प्रती छापल्या गेल्या. किंमत नऊ आणे. स्त्रियांवर लादलेला प्रत्येक दोष घेऊन तो पुरुषांत किती पटींनी आहे, हे त्यांनी उपरोधाने मांडले. पुस्तकाचे स्वागत कडवट झाले. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे सदस्य होते. तरीही त्या चळवळीतील पुरुषांनासुद्धा ही भाषा रुचली नाही.

जोतीरावांनी येथे जे केले ते कठीण होते. परक्यावर टीका करणे सोपे; स्वकीयांना सुनावताना संबंध पणाला लागतात. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’चे दोन अंक काढले. त्यांत पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावर तुटून पडलेल्यांचा त्यांनी समाचार घेतला, आणि ताराबाईंची बाजू घेऊन आपल्याच गोटातील टीकाकारांची कानउघाडणी केली. ताराबाईंच्या लेखनाचा राग येण्याचे कारण असे, की त्यात पुरुषांना आपले स्वतःचे वर्तन दिसत होते. असे असले, तरी ताराबाईंचे दुसरे पुस्तक आज उपलब्ध नाही. एका पाठीराख्याने ती हानी भरून निघाली, असे म्हणता येत नाही.

तुमच्या घरातील मुलाच्या हाती मोबाईल असेल, तर ‘पुणेवैभव’ची रीत तुम्हांला अनोळखी वाटणार नाही. एकीचा दोष सगळ्यांच्या माथी मारायचा आणि त्यात गुंतलेल्या पुरुषाला मोकळे सोडायचे, ही ती रीत. माध्यम तेवढे बदलले आहे.

१८८८ मध्ये पक्षाघाताने जोतीरावांचे उजवे अंग लुळे पडले. डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. ते १८९१ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. ‘मानव’ या एका शब्दावर न थांबता त्यांनी ‘स्त्री-पुरुष’ असा जोडउल्लेख त्यात पुनःपुन्हा केला आहे. मूळ ग्रंथ वाचताना तो अवश्य टिपून ठेवा. सत्यशोधक विवाहविधीसाठी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते देण्याची शपथ सर्वांसमक्ष घेतो. बोहल्यावरच्या तरुणाला त्याच्या भाऊबंदांपुढे बोलते करण्याची ही योजना होती. १८८९ मध्ये यशवंताचे लग्नही सत्यशोधक पद्धतीनेच झाले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावर वाद निघाला. दत्तकपुत्राचा अधिकार नातलगांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे स्वतःच्या हाती घेऊन अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालू लागल्या.