जोतीरावांनी मागितलेला अभ्यासक्रम

१८२७ साली माळी कुटुंबात जन्मलेल्या जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी किमान १२ वर्षे वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले आणि त्यात काय असावे, हेही सांगितले : मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शिक्षक प्रशिक्षित व शक्यतो शेतकरी वर्गातला, वेळप्रसंगी नांगर धरण्यास न लाजणारा असावा, असे त्यांचे मत होते. १८९० मध्ये ते निवर्तले. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले, त्या जोतीरावांची ही कसोटी आमच्या लेकरांचे पाठ आखताना आम्ही समोर ठेवतो : शिकलेले मूल आपल्याच घरी परके होता कामा नये.