नाटकाचा पडदा आणि बाबूराव पेंटर

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात नाटककार व गायक नट यांना जे स्थान लाभले, ते पडदे रंगविणाऱ्या कलावंतांच्या वाट्याला आले नाही. संहिता उरते, पदे उरतात. पडदा मात्र गुंडाळण्या-उलगडण्यातच झिजून जातो. या उपेक्षित कलेचे मोल ध्यानात येण्यासाठी बाबूराव पेंटर यांचे चरित्र अभ्यासणे अगत्याचे ठरते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे, कारागिरीची परंपरा असलेल्या घराण्यात झाला. चित्र व शिल्प या कला त्यांनी कलाशाळेत न जाता स्वप्रयत्नाने आत्मसात केल्या. नात्याने बंधू लागणाऱ्या आनंदरावांसमवेत १९१० ते १९१६ या काळात त्यांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी, तसेच गुजराती-पारशी रंगभूमीसाठी पडदे रंगविले. या व्यवसायानेच त्यांना पेंटर हे आडनाव दिले.

राजमार्ग, अरण्य, राजवाडा असे ठरावीक पडदे अनेक नाटकांना चालत; हौशी मंडळींच्या गावोगावच्या प्रयोगांतही असेच पडदे लावले जात. लहान चित्र चौकटी आखून विशाल कापडावर उतरवायचे, दुरून व दिव्यांच्या उजेडात ते खरे भासेल अशा बेताने छायाप्रकाश योजायचा, हे या कामाचे मर्म होय. तथापि त्यास एक अंगभूत मर्यादा होती. पडद्यावरील खोलीचा आभास विशिष्ट जागेवरूनच टिकतो. नट पडद्याजवळ सरकला की रंगविलेले खांब ठेंगणे ठरतात आणि सपाट कापड उघडे पडते.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि हे दोघे बंधू चलच्चित्राकडे ओढले गेले. १९१६ मध्ये आनंदरावांचे अकाली निधन झाले. तरीही बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीद्वारे १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. येथे त्यांच्या घडणीतील निर्णायक वळण दिसते. रंगविलेल्या पडद्याचे सामर्थ्य जाणणाऱ्या या कलावंतानेच चित्रपटात त्याचा त्याग करून पात्रांना वावरता येईल असे भरीव नेपथ्य उभारले. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील 'सावकारी पाश' (१९२५) या चित्रपटात तर राजवाड्याच्या जागी कर्जबाजारी शेतकऱ्याचे जग आले. दामले, फत्तेलाल, शांताराम यांची जडणघडण याच कंपनीत झाली. १९२९ साली स्थापन झालेल्या 'प्रभात'ची बीजे तेथे आढळतात.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले. त्यांचे मूकपट बहुतांशी नष्ट झाले. पडद्यांचे भाग्य त्याहून वेगळे नव्हते. मात्र चित्रपटातील त्यांची वास्तवदृष्टी रंगभूमीला नाकारून नव्हे, तर तिच्या मर्यादा हाताने अनुभवून आली. नाटकाचा अभ्यास केवळ संहितेपुरता सीमित ठेवल्यास हा दुवा निसटून जातो.