सूत्रधार विष्णुदास

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ साली याच दिवशी सांगलीच्या राजवाड्यात विष्णु अमृत भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे आख्यान रंगभूमीवर आणले. मराठी रंगभूमीच्या जनकत्वाचा मान त्यामुळे त्यांच्याकडे गेला. सांगलीत त्यांच्या नावाचे नाट्यमंदिर आहे आणि नव्या मुंबईत वाशी येथेही त्यांच्याच नावाचे नाट्यगृह आहे. त्यांच्या नावाने दिले जाणारे गौरवपदक मराठी नटवर्गात अत्यंत मानाचे समजले जाते. पदकाचे पहिले मानकरी बालगंधर्व होते. या सगळ्या स्मृतिचिन्हांतून गौरव होतो तो नाटककार भावे यांचा. परंतु विष्णुदासांच्या ठायी आणखी एक कलावंत होता. तो लाकडाच्या बाहुल्या घडवीत असे आणि दोऱ्यांवर त्या नाचवीत असे. नाट्यगृहांच्या दर्शनी पाट्यांवर या बाहुलीकाराची ओळख सहसा आढळत नाही. त्याला वगळून नाटककार भावे समजून घेणे मात्र कठीण आहे.

विष्णुदासांचा जन्म १८१९ च्या सुमारास झाला. वडील अमृतराव सांगली संस्थानच्या पदरी नोकरीस होते. मिरजेच्या पटवर्धनांतून फुटून १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगलीची गादी स्थापन केली होती. कृष्णाकाठच्या या लहानशा राजधानीत गुणी माणसाला विचारणारा धनी होता, ही विष्णुदासांच्या चरित्रातील पहिली भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. मुलाचे लक्ष शाळेच्या पाठांतरात फारसे नव्हते. मातीच्या मूर्ती कराव्या, लाकूड तासून त्यातून हातपाय हलणाऱ्या बाहुल्या काढाव्या, पुराणातल्या गोष्टी रचून सांगाव्या, असा त्याचा ओढा होता. सरकारी चाकरीतील गृहस्थाला असा मुलगा म्हणजे काळजीचेच कारण.

कळसूत्री बाहुली हा प्रकार महाराष्ट्राला नवा नव्हता. ज्ञानेश्वरीत ‘साइखडे’ या नावाने तिचा उल्लेख येतो. दोरी ओढणारा दिसत नाही आणि बाहुली मात्र आपणच नाचल्यासारखी वाटते, हा दृष्टान्त संतांना फार उपयोगी पडला. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा सावंतवाडीकरांच्या आश्रयाने पिढ्यानपिढ्या चालविली. मात्र हा खेळ देवळाच्या आवारातला आणि जत्रेतला होता. पांढरपेशा घरातील तरुणाने त्यात जीव गुंतवावा, ही त्या काळी चमत्कारिकच गोष्ट होती.

या कलेतील खरी करामत बाहुली घडविणाऱ्याच्या हाती असते, आणि पाहणाऱ्याला ती कधी दिसत नाही. डोके जड झाले तर बाहुली पुढे झुकते. पाय हलके राहिले तर ती चालत नाही, तरंगते. सांधा घट्ट बसला तर हात अर्ध्यावर अडतो आणि सैल बसला तर लोंबकळतो. डोके, खांदे, मनगटे यांना बांधलेल्या दोऱ्या वर एका काठीला मिळतात. त्या काठीचा कल बोटभर बदलला की खाली राजा मान वळवितो. एकाच माणसाला काठी सांभाळायची, आख्यान चालवायचे आणि ताल चुकू द्यायचा नाही. ‘सीतास्वयंवर’ हे आख्यान बाहुल्यांवर करायचे म्हटले तर अडचण आणखी वाढते. सभेत राजेरजवाडे मांडायचे, रावणाने धनुष्य उचलताना त्याची फजिती दाखवायची, आणि रामाच्या हातून ते धनुष्य नेमक्या क्षणी मोडायचे. धनुष्य क्षणभर आधी मोडले तर हसू होते, उशिरा मोडले तर रसभंग होतो. नाटकातील वेळेचे भान शिकविणारी याहून कडक शाळा दुसरी असेल असे वाटत नाही.

१८४२ साली उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली आणि आप्पासाहेबांपुढे तिचे खेळ झाले. हा यक्षगानाचा प्रकार होता. भागवत झांज घेऊन पदे म्हणतो, मद्दल वाजते, आणि भडक वेषातील पात्रे त्या पदांवर नाचत, आवेशाने बोलत कथा पुढे नेतात. आप्पासाहेबांना खेळ आवडला, पण त्यातील गोंगाट आणि विस्कळीतपणा रुचला नाही. असेच खेळ मराठीत, अधिक नेटके करून दाखवावेत, अशी आज्ञा त्यांनी विष्णुदासांना केली. पदरच्या एका नोकराच्या छांदिष्ट मुलावर त्यांनी एवढी मोठी कामगिरी सोपविली ती उगाच नव्हे. पुढे ज्या गुणांची गरज पडणार होती, त्यांतील बरेचसे बाहुल्यांच्या छंदात आधीच दिसून आले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कर्नाटकाच्या त्याच किनाऱ्यावर, कुंदापूरजवळच्या उप्पिनकुदुरु गावी, यक्षगान बाहुल्यांवरही होते. बाहुल्यांचे मुकुट, वेष आणि पदन्यास हुबेहूब माणसांच्या यक्षगानासारखेच असतात. माणसाचे नाटक आणि बाहुलीचा खेळ यांच्यामध्ये त्या प्रांतात फारसे अंतर मानलेले नाही. विष्णुदासांच्या रंगभूमीतही ते फारसे नव्हते.

त्यांच्या खेळाची रचना पाहिली म्हणजे हे पटते. प्रारंभी सूत्रधार मंगलाचरण करी. मग पडद्याआडून गणपती येई, त्याच्यामागून कमरेला लाकडी मोर बांधलेली सरस्वती नाचत येई, आणि विदूषक सूत्रधाराशी थट्टामस्करी करून कथेचा विषय काढी. पुढे सगळे आख्यान सूत्रधाराच्या तोंडून चाले. तो खेळ संपेपर्यंत रंगभूमीवर उभा राही, झांज आणि मृदंगाच्या साथीवर पदे म्हणे, आणि त्या पदांचा अर्थ पात्रे अभिनयाने व आयत्या वेळी सुचलेल्या भाषणाने दाखवीत. लिहिलेले संवाद नव्हते. राक्षस आले की आरोळ्यांनी मांडव दणाणे. पुढच्या सुशिक्षित पिढीने या खेळांना ‘तागडथोम’, ‘अललडुर्र’ अशी नावे ठेवून त्यांची चेष्टा केली, आणि ती अगदीच अनाठायी होती असेही नाही. परंतु या रचनेचा गाभा काय, असे विचारले तर उत्तर एकच येते : सगळी सूत्रे एका माणसाच्या हाती. तो पद म्हणेपर्यंत पात्र स्तब्ध, त्याने दोरी हलविली की पात्र सजीव. लाकडाच्या जागी माणूस आला आणि दोरीच्या जागी पद आले, एवढाच काय तो फरक.

नट मिळविणे सोपे नव्हते. सोंग घेणे हे बहुरूप्याचे आणि तमासगिराचे काम, अशी त्या काळची समजूत होती. ब्राह्मणाच्या मुलाने स्त्रीवेष घेऊन नाचावे म्हणजे पंक्तिव्यवहाराचाच प्रश्न. संस्थानच्या पदरची माणसे आप्पासाहेबांच्या आज्ञेवरून उभी राहिली म्हणून हा प्रयोग घडू शकला. ‘सीतास्वयंवरा’नंतर रामायणातील इतर आख्याने तयार झाली आणि आठ वर्षे हा उद्योग राजाश्रयाने चालला.

१८५१ मध्ये आप्पासाहेब वारले. हा त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा प्रसंग होता. मंडळी जमलेली, कपडेलत्ते आणि सामान उभे केलेले, आणि डोक्यावरचे छत्र गेले. संस्थानच्या चाकरीत शिरून हा पसारा मोडून टाकणे हा सुरक्षित मार्ग होता. विष्णुदासांनी तो स्वीकारला नाही. ते मंडळी घेऊन गावोगाव निघाले. राजवाड्यातील खेळ लोकांपुढे पैसे घेऊन करायचा, ही त्या दिवसांत केवढी अपरिचित कल्पना होती याचा अंदाज आज येणार नाही. सांगलीहून पुण्या-मुंबईकडे यायचे ते बैलगाडीच्या वाटेने. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली १६ एप्रिल १८५३ रोजी. त्याच्या पाच आठवडे आधी, ९ मार्च १८५३ रोजी, विष्णुदासांच्या मंडळीने मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात ‘इंद्रजितवध’ केले.

हे नाट्यगृह नाना शंकरशेट यांच्या जागेवर उभे होते आणि तेथे इंग्रजी नाटके होत. तेथील बैठकी, दिवे, पडदे पाहून विष्णुदासांनी बरेच काही उचलले. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या मातबर मंडळींनी त्यांना हात दिला. त्याच वर्षी त्याच नाट्यगृहात पारशी नाटक मंडळीचे खेळ सुरू झाले, आणि त्यांतूनच पुढे उत्तर हिंदुस्थानभर फिरणारी पारशी रंगभूमी वाढली. मुंबईत बहुभाषी प्रेक्षक मिळाल्यावर विष्णुदासांनी ‘राजा गोपीचंद’ हे आख्यान हिंदुस्थानी भाषेतही केले. हिंदी रंगभूमीचा इतिहास सांगताना या सांगलीकराच्या प्रयोगाची नोंद घ्यावी लागते.

भोपाळच्या जवाहर चौकात राहून घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या वाचकाला या घटनेचे मोल वेगळे समजावून सांगावे लागू नये. याच शहरात मोठ्या तलावाच्या काठी १९८२ साली भारत भवन उभे राहिले. त्याच्या रंगमंडळाचे पहिले संचालक ब. व. कारंत दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेले होते. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ला त्यांनी ‘बरनम वन’ या नावाने यक्षगानाचा साज चढविला होता. ज्या किनाऱ्यावरची मंडळी १८४२ मध्ये सांगलीस आली, त्याच किनाऱ्यावरचा कलावंत जवळजवळ दीडशे वर्षांनी भोपाळकरांना नाटक दाखवीत होता.

दहाएक वर्षांच्या भ्रमंतीनंतर, १८६२ च्या सुमारास, विष्णुदासांनी नाटकधंदा सोडला. तोवर त्यांच्या धर्तीवर इचलकरंजीकर, आळतेकर अशा मंडळ्या निघाल्या होत्या. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ मध्ये आले आणि लिखित गद्य नाटकाचे युग सुरू झाले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’ केले आणि सूत्रधाराने म्हणायची पदे पात्रांच्या तोंडी गेली. बाहुली स्वतः गाऊ लागली, असेच म्हणावे लागेल. विष्णुदासांचा सूत्रधार त्या दिवशी खऱ्या अर्थाने निवृत्त झाला. १८८५ मध्ये त्यांनी आपली पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापली आणि आरंभी आपल्या उद्योगाची हकीकत सांगितली. सुमारे पन्नास आख्यानांची ही पदे काव्य म्हणून फार उंचीची नाहीत. मृदंगाशिवाय ती वाचणे म्हणजे दोरी सोडलेल्या बाहुल्या पाहण्यासारखे आहे. तथापि ती छापली गेली नसती तर मराठी नाटकाचा पहिला अध्याय केवळ ऐकीव राहिला असता.

तंजावरच्या भोसले राजांनी त्याआधी मराठीत नाटके रचली होती, हे पुढे उजेडात आले आणि विष्णुदासांच्या ‘आद्य’ या विशेषणावर वाद झाला. त्या वादात फारसे तथ्य नाही. तंजावरची नाटके दरबाराबाहेर पडून महाराष्ट्रात आली नाहीत. विष्णुदासांनी नाटक वाड्याच्या दिंडीबाहेर काढले आणि ते टिकले.

९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. १९४३ मध्ये सांगलीत रंगभूमीचा शतसांवत्सरिक उत्सव स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या अध्यक्षतेखाली मोठ्या थाटाने झाला, आणि त्यानंतर ५ नोव्हेंबर या तारखेला आजचे महत्त्व आले.

बाहुलीकाराचे स्मारक कसे असावे याचा एक नमुना परदेशात पाहावयास मिळतो. अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठाच्या आवारात जिम हेन्सन या माजी विद्यार्थ्याचा कांस्यपुतळा २४ सप्टेंबर २००३ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, बसविण्यात आला. हेन्सन यांनी १९६० मध्ये तेथून गृहविज्ञानाची पदवी घेतली, कारण बाहुल्यांचा अभ्यासक्रम त्याच विभागात होता. आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून त्यांनी केलेला कर्मिट नावाचा बेडूक पुढे जगभरच्या मुलांचा सोबती झाला. १९९० मध्ये अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी ते वारले. पुतळ्यात ते एका दगडी बाकावर बसून या बेडकाशी बोलत आहेत. विद्यापीठाने कलावंत आणि त्याची बाहुली यांची ताटातूट केली नाही.

विष्णुदासांच्या वाट्याला तसे शिल्प आले नाही, पण त्यांच्या बाहुल्या मात्र राहिल्या. त्यांनी घडविलेल्या लाकडी कळसूत्री बाहुल्या शंभराहून अधिक वर्षे तग धरून होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हाती आल्या. पाध्ये यांनी त्यांची डागडुजी केली, त्यांना पुन्हा दोऱ्या बांधल्या, आणि त्यांचा प्रयोग लोकांपुढे आणला. त्या प्रयोगासाठी निवडलेले आख्यान ‘सीतास्वयंवर’ हेच होते.