भयकथाकार नारायण धारप

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत थेरगावच्या आमच्या घरी आम्ही तिघा मित्रांनी ‘इट’ या इंग्रजी भयपटाचा दुसरा भाग पाहिला. २०१९ साली आलेला हा चित्रपट स्टीफन किंग यांच्या १९८६ च्या कादंबरीवर बेतलेला आहे. लहानपणी एका अमंगल शक्तीशी झुंजलेली मुले २७ वर्षांनी, दिलेल्या शब्दाला जागून, पुन्हा त्याच गावी जमतात. दुसऱ्या पाळीहून नुकतेच आलेले काका जेवता जेवता थोडा वेळ पाहत बसले आणि ही गोष्ट आपण फार पूर्वी मराठीत वाचली आहे, असे त्यांनी सांगितले. आमचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी माळ्यावरून एक पिवळे पडलेले पुस्तक काढून दिले. कादंबरीचे नाव ‘शपथ’, लेखक नारायण धारप!

धारपांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. शिक्षण रसायनशास्त्राचे. वाङ्मयाच्या वर्गात न बसलेल्या या गृहस्थांनी पुढे शंभरावर पुस्तके लिहिली. ‘नेनचिम’सारखी विज्ञानकादंबरीही त्यांत आहे, पण महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते भयकथाकार म्हणून. दुष्ट शक्तींशी सामना देणारा त्यांचा ‘समर्थ’ हा नायक तर वाचकांना घरच्यासारखा वाटे. काका सांगतात, वाचनालयात धारपांच्या पुस्तकासाठी नंबर लावावा लागे.

मग या लेखकाची चर्चा आपल्या वर्गात का होत नाही? एक आक्षेप उघड आहे. ‘शपथ’ ‘इट’वरून आली, ‘लुचाई’ किंग यांच्याच १९७५ च्या ‘सालेम्स लॉट’वरून. परक्याच्या कल्पनेवर उभारलेले लेखन थोर कसे म्हणावे? आमच्या मित्रांत यावर बराच वाद झाला. कल्पनेचे श्रेय किंग यांचेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मला ‘शपथ’ वाचताना अमेरिकेची आठवण झाली नाही. धारपांची माणसे नोकरी करतात, चहा घेतात, भाड्याच्या घराची चौकशी करतात. प्रयोगशाळेतील नोंदवहीसारखे साधे, कोरडे वर्णन चाललेले असते आणि त्यातच एखादी गोष्ट जागची हललेली दिसते. ही भीती भाषांतराने येत नाही. ती येथली माणसे, येथली घरे जवळून पाहिलेल्या लेखणीतूनच येते. (आमचा एक मित्र अजूनही हे मान्य करीत नाही!)

१८ ऑगस्ट २००८ रोजी धारप गेले. पुढचा मान त्यांना पाहता आला नाही. २०१८ मध्ये ‘ग्रहण’ कादंबरीवरून त्याच नावाची दूरदर्शन मालिका झाली. त्याच वर्षी राही बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देणारे, पण त्यातील साखळदंडाने बांधलेल्या भयंकर म्हातारीची मुळे धारपांच्या कथेत आहेत. धारपांची ‘आजी’ ही कथाही किंग यांच्याच एका कथेवरून आलेली, म्हणजे वाद पुन्हा तेथेच! २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तो तरुणांनी गर्दी करून पाहिला आणि त्याच्या उत्तरभागाची घोषणाही झाली. त्या गर्दीतील कितीजणांना धारपांचे नाव ठाऊक होते, कोण जाणे.

‘शपथ’ मी चार रात्रींत संपवली. काकांना परत द्यायला गेलो, तर त्यांनी ‘लुचाई’ पुढे केली. ती मात्र मी दिवसा वाचतो आहे.